नाक जड

अक्कलकोट रोडच्या शेडात नरसय्या एमूलचे
आधी पाय दिसतात, मग नरसय्या.
पंचवीस वर्षं यंत्रमागावर होता,
कान तिथंच ठेवून आला.
आता इंजिनावर पेचकस टेकवतो,
मूठ दातांत धरतो, डोळे मिटतो.
दातांनी ऐकतो म्हणे.

"पेट्रोलचं काढून हे घातलास?"
घातलं. चौऱ्याऐंशीची फियाट, चादरींचा धंदा,
डिझेल स्वस्त, जोर जास्त,
एवढंच गणित होतं माझं.
जुनं इंजिन चढाला कुरकुरायचं,
पण एकदा फेरे वाढले की
शीळ घालत पळायचं पोरासारखं.
हे उठतानाच सगळा जोर लावतं,
आणि जुनं जिथं रंगात यायचं
तिथं याला धाप लागते, मागून काळा धूर.
"हमाल आहे त्यो," नरसय्या पेचकस काढत म्हणाला,
"हमालाला पळवूने."

ते ठीक. मी ओठ मोठे करत, हात हलवत सांगितलं:
तुळजापूरच्या घाटात स्टेअरिंग फिरवलं
आणि गाडी सरळच गेली.
कठड्याला रंग लावून थांबली.
मी वळलो, ती नाही.

त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
शेजारच्या कारखान्यातून सुताचा बीम निघाला होता,
लांबलचक, दोन्ही टोकांना एकेक खांदा.
कोपऱ्यावर पुढचा वळला,
बीम वळायला तयार नाही,
आणि वळला तेव्हा थांबायला तयार नाही;
भिंतीचं ओंजळभर प्लास्टर खाली.
"बघितलास बे?"
मग त्यानं चिंध्यांचं पोतं छातीशी कवटाळलं
आणि जागच्या जागी गर्रकन फिरला,
पासष्टीचा माणूस,
चप्पलसुद्धा निघाली नाही.

"वजन किती, हे काटा विचारतंय.
कुठं धरलास, हे वळण विचारतंय."

तीन दिवस लागले.
बॅटरी डिकीत गेली, सीटखालून जाड वायर.
पुढच्या स्प्रिंगा बदलल्या.
नाकावरचं लोखंडी गार्ड,
ज्यावर मी मल्लिनाथ असं वळणदार लिहून घेतलं होतं,
भंगारात, किलोवर.
मी म्हटलं, मग गठ्ठेही सगळे मागं टाकतो,
अगदी शेवटी, दिव्यांना टेकून.
तो हसला नाही.
बोटावर फुटपट्टी तोलली, शेपटाला नट ठेवला.
नाक वर.
"स्टेअरिंग हलकं लागंल. बरं वाटंल तुला.
मग एखाद्या वळणाला शेपूट
तुझ्याआधी तुळजापूरला पोचंल."
गठ्ठे मागच्या सीटवर, चाकांच्या पुढं, खाली दाबून.
ब्रेक सरळ रस्त्यावरच.
वळणात दचकून पाय उचललास
तरी वजन धावतं नाकाकडं,
बस थांबली की उभी माणसं धावतात तसं.

चाचणीला निघालो तेव्हा रात्र झाली होती.
त्याच्यासाठी पुढचं दार उघडलं.
"नको. नाक जड."
मागं गठ्ठ्यांवर जाऊन बसला,
पंचेचाळीस किलोचा सगळा मिळून,
गुडघे पोटाशी.

घाट. ब्रेक आधीच. स्टेअरिंग.
क्षणभर थांबली, आठवत असल्यासारखी,
मग नाक हळूच आत आलं.
कठडा उजेडात सरकत गेला,
माझा निळा रंग अजून होता त्याच्यावर.
ओरडावंसं वाटलं, पण कुणाला ऐकू जाणार.

आरशात पाहिलं: गालाचं हाड दाराच्या खांबाला टेकलेलं,
तोंड थोडं उघडं.
झोपलाय, म्हटलं, आणि चौथा टाकला.

"तिसऱ्यात घे," डोळे न उघडता म्हणाला.
"चढ संपला नाही अजून."